चहा होईपर्यंत इंजिन चालू

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण शेजारच्या खोलीतला बेकरीवाला दिवसा झोपतो. म्हणून पुन्हा पत्र. सातवीपर्यंतच्या अक्षराला ताई हसणारच. तिला म्हणावं, अंगणात जाऊन हस.

इथे सात महिने झाले. दोन वर्षांतलं हे चौथं गॅरेज, पण सात महिने म्हणजे माझा विक्रमच की! आता मोठी बातमी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दातांची एक डॉक्टरीण आहे, साठीच्या पुढची. तिची तीस वर्षांची लाल स्पोर्ट्‌स कार आहे. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरच्या कुत्र्याशी नजरानजर होते. तिचा पॉवर ब्रेक गेला. पेडल नुसतं दगड. डॉक्टरीणबाईंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, पायात जोर नाही. ब्रेकला मशीनची मदत नसली तर त्यांच्याने गाडी थांबत नाही. दोन जुने मेकॅनिक बाजूला ठेवून मालकांनी हे काम मला दिलं, बाबा.

पेडलमागचा बूस्टर, तुम्ही ज्याला डबा म्हणता तो, आतून फाटला होता. दुसरा घातला. इंजिनाची ओढ डब्यापर्यंत नेणाऱ्या पाइपचं टोकही चिरलेलं होतं. नवा पाइप मागवला असता तर चार दिवस गेले असते. कोपऱ्यात पाण्याचा पाइप पडला होता, त्याचा तुकडा कापून बसवला. मग तुम्ही शिकवलेली परीक्षा घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबलं, पाय तसाच ठेवला आणि चावी फिरवली. पेडल कसं मऊ खाली गेलं! गल्लीला एक चक्कर मारून गाडी देऊन टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असे हात त्यांच्या दवाखान्यात हवे होते.

तुमची माया इतक्या लांब पोचते, तशीच पोचत राहू दे.

तुमचा
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी चष्मा पुसावा लागला. काच मळली होती, असं मी ताईला सांगितलं आहे. तूही तसंच समज.

डबा बदललास, शाबास. पण पाण्याच्या पाइपबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, त्या मी सारख्या वाचतो आहे. पाण्याचा पाइप आतून ढकललेलं सहन करतो. इथे तर इंजिन आतली हवा ओढतं. थंड असेपर्यंत तो ताठ उभा राहील. तापल्यावर काय करील, ते तू पाहिलंस का? खरं सांग, गल्लीची चक्कर किती मिनिटांची होती? तुला मी ओळखतो. जेवताना तू पाटावर कधी टेकला नाहीस, उकिडवाच बसायचास.

काम झालं की बॉनेट उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून मी चहा घेत बसायचो, आठवतं? आपल्या तेव्हाच्या गॅरेजचे शेठ म्हणायचे, म्हातारा पेट्रोल जाळतो. तुलाही वाटायचं, बाबा आळशी आहे. अरे, मी गाडी तापायची वाट पाहत होतो. थंड गाडी नव्या पाहुण्यासारखी शहाणी वागते. गरम झाली की खरे गुण दाखवते. तेव्हा गाडी परत बोलाव, आणि माझा एक चहा होईल इतका वेळ त्या पाइपवर हात ठेवून बस.

तुझ्या पिशवीत मी माझा कप घातला होता. वापरत नसशील तर परत पाठव. दुसऱ्या कपात चहा मला चहासारखा लागत नाही. ताई म्हणते, साखर कमी केली म्हणून. तिचं काही ऐकू नकोस.

आमचा जीव तुझ्यात आहे, हे लिहायला नको, तरी लिहितो.

बाबा


९ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाका.

काल डॉक्टरीणबाई उतारावरून येत होत्या. पहिल्यांदाच लांब गेल्या होत्या, गाडी सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. पेडल पुन्हा दगड. दोन्ही पायांनी पेडलवर उभ्या राहिल्या, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे गाडी शाळेच्या फाटकापासून वीतभर अंतरावर थांबली. आत मुलांची कवायत चालू होती.

गाडी ओढून आणली. मी चावी फिरवली तर पेडल मऊ! माझी अक्कलच चालेना. मालक बाहेरगावी आहेत. बाई पाणी प्यायल्या आणि मलाच म्हणाल्या की तू बस जरा, पांढरा पडलायस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिशवी भरली आहे. तेरा तारखेच्या बसचं तिकीट मिळालं. मालक यायच्या आत निघतो. कुठे, ते पोचल्यावर कळवीन. हे काम माझं नव्हेच. ताईला काही सांगू नका. तिला मी विक्रमाचं फार ऐकवलंय.

रागावलात तरी पूर्ण तोडू नका.

भिंगरी


१८ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं आठ तारखेचं पत्र बारा तारखेला दुपारी हातात पडलं. तेव्हा मी पिशवीचा बंद आवळत होतो. दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्याही तुम्ही पकडल्यात. चक्कर चार मिनिटांची होती.

पिशवी सोडली. तुमचा कप तळाशी, अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सात महिन्यांत मी बसून चहा प्यायलोच नव्हतो, नळाशी उभ्याउभ्याच. गाडी चालू केली, बॉनेट उघडलं, कप भरला, स्टूल ओढलं. पाच मिनिटांत तीनदा उठलो आणि तीनदा स्वतःला खाली बसवलं. पहिला कप संपला, काही नाही. दुसरा अर्धा झाला आणि हाताखाली पाइप मऊ पडला. बघता बघता चपटा झाला, पोरं सरबताची नळी ओढून चपटी करतात तसा. पेडल दाबलं. दगड! इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, तर पाइप पुन्हा साळसूद गोल.

मालक संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं, तुकडा त्यांच्या हातात दिला. पाण्याचा आहे, घाई मी केली, म्हणालो. बराच वेळ ते तुकडा दाबत राहिले. मग म्हणाले, योग्य पाइप यायला चार दिवस लागतील, तोवर ही गाडी हलणार नाही आणि तूही नाही. बाईंकडे मी स्वतः गेलो. चार दिवस त्यांना गॅरेजच्या व्हॅनमधून घरून दवाखान्यात नेलं-आणलं. त्यांचं म्हणणं, वळणावर मी दात खातो आणि त्याने दाढा झिजतात.

काल पाइप बसवला. एक चहा, मग अर्धा तास गाडी, मग तोच उतार. शेजारी बाई बसल्या होत्या. फाटकाच्या कितीतरी आधी पेडल मऊ खाली गेलं आणि गाडी थांबली. बाई म्हणाल्या, आता जागा बदलू, मला चालवू दे. त्यांनी चालवली. मी नुसता बसलो.

बसचं तिकीट फाडलं. कप धुऊन ठेवलाय, म्हणाल तर पाठवतो.

होतो तितकाच तुमचा राहू द्या.

भिंगरी


२३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, नऊचं वाटेत कुठेतरी अडकलं होतं. नशीब, पोस्टमनने अठराचं वर ठेवलं होतं. नऊचं ताईने वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच दोनदा घासली. मला ऐकू येत नसलं तरी तेवढं दिसतं.

कप पाठवू नकोस. तिथेच राहू दे, स्टुलाजवळ. मी ताईचा घेतला आहे. ती रोज ओरडते. तोंड हलताना दिसतं, पण मला काय कळतंय!

बाबा