मनगटाचा डाव

१२ फेब्रु., गुरुवार
माझी नात, पूर्वी तिचं नाव, शाळेतनं आली की दप्तर एकीकडं, हातात मोबाइल. त्यात दोन बाहुल्यांच्या मारामारीचा खेळ. सांध्यासांध्याला बोट लावायचं, हा आवळ, हा सैल सोड. मग बटण दाबलं की बाहुल्या चिंधीगत वाकत्यात. आज हिच्या बाहुलीनं दुसरीचा हात उपटला.
म्हटलं, "भवाने, असलं बघून घास जातो का खाली?"
"आजी, खेळाच्या ग्रुपात मी लई वर हाय."

१४ शनि.
ग्रुपातली पोरं पूर्वीला म्हणत्यात, तुझा डाव लिहून दे. तिनं सांगितलं, मी कच्चं लिहिलं. माझं अक्षर कोंबडीचं, तिचं त्याहून.
आधी मनगट धरायचं. मग तिच्या पायावर आपला पाय, म्हंजी सरकता येत न्हाय. खांदा सैल, कोपर आवळ. सावकाश पिळायचं. पडली तरी मनगट सोडायचं न्हाय.
म्हटलं, चादर पिळल्यागत की! पोर हसली न्हाय.

१५ रवि.
चादरी धुतल्या. सून आन मी दोन टोकं धरून पिळतो, नेमाचंच. तिच्या हातनं टोक सुटलं, चादर मातीत.
"हातात जीव न्हाय व्हय गं?" बोलून गेले. मग बघितलं. बांगड्या कोपराकडं सारलेल्या, मनगट टम्म. पायाचं नख काळं.
"मोरीत घसरले, आत्या."
मोरीला बोटं असत्यात का? चार वळ आन एक अंगठा.

१६ सोम.
कागद परत वाचला. पोर हे मोबाइलात शिकली न्हाय. दत्तानं, माझ्या लेकानं, बी सवता काढलेलं न्हाय. त्याच्या बापाचा डाव. माझं डावं मनगट अजून गार पाण्यात ठणकतं. तवा दत्ता दारात उभा राहून बघायचा. वयानं आमच्या ह्या पोरीएवढाच होता.

१७ मंगळ.
दत्ताला म्हटलं, तिचा हात डाक्टरला दाखव.
"आई, भाकरी खा आन गप बस."
खाल्ली. गप बसले.

१८ बुध.
डाव ग्रुपात गेला. वाहवा. एकीनं इचारलंय, ह्यातनं सुटायचं कसं?
पूर्वी कागद घेऊन आली. "तू सांग की आजी. मी खालची बाहुली घेऊन रोज बघती. सुटतच न्हाय."
पेन घेतलं. लिहिलं, 'मनगट धरलं की…'
बाहेर दत्ताची गाडी थांबली. पोरीनं मोबाइलचा आवाज बंद केला. सून चुलीपाशी उठून उभी राहिली.
कागद माझ्या मांडीवर हाय. पुढचं अजून लिहिलं न्हाय.