वाऱ्याच्या भिंतीवर आत्याचा स्वेटर

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकणं सोपं, प्रत्यक्षात हल्ली माझी कंबर आधी विचार करते.) तुझे गुडघे कसे आहेत, सकाळचं डोकं दुखणं थांबलं का, ते खरंखरं कळव. नुसतं "बरी आहे" लिहू नकोस; ते तू अंगात ताप असतानाही लिहितेस.

मी कॉलेजात वाऱ्याचा अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा तू भाजी निवडता निवडता म्हणाली होतीस, "वारा आपला आपण येतो नि जातो, त्याच्यामागे शिकलेलं माणूस कशाला लागतं?" काका वर्तमानपत्राच्या आड हसले होते, कागद हलला म्हणून कळलं. आज चाळिशी उलटल्यावर मी तुला ठणकावून सांगते, तो आपला आपण येत नाही, आणि जात तर मुळीच नाही.

आम्ही काय करतो ते तू शेजारणीला "हवा धुतात" असं सांगतेस, ते बरोबरच आहे. दोन मजली उंच भिंत आहे, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. भोकांच्या आतला लेप हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि भिंतीमागचे पंखे हवा ओढत राहतात. आता अडचण अशी, की हवेत हा वायू असतो चिमूटभर, म्हणून हवा डोंगरभर ओढावी लागते. त्यात पंखे वीज खातात बकाबका, आणि ती वीज करताना कुठेतरी पुन्हा तोच वायू सुटतो. म्हणजे एका हाताने ओटा पुसायचा आणि दुसऱ्याने दूध सांडायचं. मोठ्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की या चाचणीत विजेचा खप उतरला नाही तर हा विभाग बंद, आणि मी कचेरीत अहवाल तपासायला. (माझी दृष्टी, माझा स्वभाव आणि ते अहवाल, तिघांचीही कीव कर.) पंखे लहान पडतात, असं त्यांचं ठाम मत. हवेला कुठेतरी वाट नाही, असं माझं. पण हवा दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कुणीही ठाम बोलू शकतं.

तर तू गेल्या पत्रात विचारलंस, की मोहरीच्या फुलाच्या रंगाचा स्वेटर अंगाला बसला का. छान बसला. माझ्या नाही, भिंतीच्या. हवा कुठून कुठे जाते ते बघायला भिंतीवर हलके धागे चिकटवतात, आणि आमचे धागे सामान आणणाऱ्या गाडीबरोबर कुठल्यातरी भलत्याच गावी गेले होते. चाचणी तोंडावर आलेली. मी खुर्चीवरचा स्वेटर उचलला, बाहीपासून उसवायला सुरुवात केली आणि मग थांबता आलं नाही. आमचा फिटर (सगळे त्याला पाना म्हणतात, तो स्वतःही) गुंडाळी करत बसला होता. "बाई, कुणी विणलाय हो? काय घट्ट वीण आहे!" मी म्हटलं, आत्याने. "मग आत्यांना कळलं की तुमची वीण उसवतील." तेव्हा तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

भिंतीच्या पुढच्या अंगाला तुझे धागे गुणी मुलांसारखे आत वळले. मागच्या अंगाला मात्र ते सरळ बाहेर जायचं सोडून वर उभे राहिले. आम्ही मागे थोडा धूर सोडला. तो निवांतपणे भिंतीवरून चढला आणि पुढच्या बाजूने पुन्हा आत शिरला. म्हणजे धुतलेली हवाच आम्ही परत परत धूत होतो, दोरीवरचे स्वच्छ कपडे काढून पुन्हा बादलीत टाकावेत तशी. मागे तिला अडवत होती लाकडी पेट्यांची उंचच उंच चळत. मोठे साहेब गरजले, "या पेट्या इथे कुणी रचल्या? काय आहे यांच्यात?" स्टोअरवाल्याने घसा साफ केला. "साहेब, मोठे पंखे. हवा कमी ओढली जाते म्हणून तुम्हीच मागवलेत." सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. बूट कधी इतके मनोरंजक वाटले नव्हते.

पेट्या हलवल्या, मागे हवा वर आणि लांब फेकणारी पत्र्याची तिरपी तोंडं बसवली. त्याच जुन्या पंख्यांनी कमी विजेत जास्त वायू धरला. विभाग राहिला, मीही राहिले. "मी म्हटलं नव्हतं?" असं मी कुणालाही म्हटलं नाही. (दोघांनाच म्हटलं.)

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता.क. तशीच लोकर अजून मिळत असेल तर पाठव. स्वेटर विणू नकोस, नुसती लोकर. तुझे श्रम वाचतील आणि माझे उसवायचे.

ता.क. दुसरं : मागच्या खेपेला मी तुझ्या टेबलावर ठेवलेली डबी घड्याळ नव्हती. ती हवेतला तोच वायू मोजते. तुझ्या खोलीत तो बाहेरच्या कितीतरी पट निघाला. पाना म्हणतो, आपण यंत्र आत्यांकडेच बसवू. मी हसले, पण तुझं सकाळचं डोकं दुखणं मला तेव्हा कळलं.

ता.क. शेवटचं, आणि पत्र खरं तर यासाठीच : तू पुढची खिडकी उघडतेस, पण काका गेल्यापासून मागची खोली बंद, आणि तिच्या खिडकीला त्यांचं कपाट लावलेलं. खोली उघडली तर त्यांचा वास निघून जाईल, असं तू एकदा म्हणाली होतीस, आणि मग लगेच विषय बदललास. आत्या, वारा मागून आत येईल आणि पुढून बाहेर पडेल. वास गेलाच तर पुढच्या खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीवरून जाईल. पाकिटात तुझ्याच लोकरीचा एक धागा ठेवला आहे. शेजारच्या मुलांकडून कपाट हलवून घे आणि धागा मागच्या खिडकीच्या गजाला बांध. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी बांध.