गढीचा दरवाजा आणि काळ्या काचा

चैत्र शु. १, पाडवा. चौसाळा
संकल्प तीन. एक, दादावर चिडायचं नाही. दोन, तंबाखू बंद. तीन, गढीच्या दरवाजाचा फोटो असा काढायचा की हुजुरांनी दिवाणखान्यात लावावा.
तिसऱ्यावर सगळं अडलंय. दादा कापड फाडता फाडता म्हणाला, हुजूर खूश झाले तर दुकानाची रस्त्याकडची खोली तुझी, टाक फोटोचं दुकान. नाहीतर अक्षय तृतीयेला कॅमेरा मोडीत, आणि मी गादीवर. बाप गेल्यापासून घरात त्याचाच शब्द.
पहिला संकल्प दुपारीच मोडला. पाडव्याच्या पूजेत दादानं कॅमेऱ्याला भस्म लावलं, वर म्हणे फोटोच्या काचांची पेटीपण आण. कोरी काच उजेडात उघडली की मेली. पण हे त्याला कोण समजावणार? पेटीला हात लावायचा नाही, एवढंच ओरडलो. सणासुदीचं त्याचं तोंड उतरलं.

शु. ४
केजच्या बाजाराला गेलतो, आज परत. दादा उगाच खुशीत. मागचं भांडण विसरला बहुतेक. बरं झालं.

शु. ७
गढीवरून निरोप. हुजुरांनी हैदराबादेहून मोटार आणलीय, ती दरवाजातून आत शिरत नाही. म्हणून दरवाजाच पाडणार! फोटो निघाला की लगेच. तोफांना न हरलेला दरवाजा, मोटारीपुढं हरला.
म्हणजे संधी एकदाच.

शु. १०
गढी. वैताग नुसता. सकाळी दादा नि मी पोचलो, हुजूर उठले दुपारी. ऊन डोक्यावर, सावल्या गायब, कमानीवरची नक्षी सपाट दिसायला लागली. कारभारी दर घटकेला येऊन विचारी, "हो गया क्या?"
पहिली काच पाडव्याच्या आधीपासूनच कॅमेऱ्यात भरलेली होती. टोपण काढलं आणि दादा जाऊन दरवाजात उभा! बाजूला हो म्हटलं तर हलेना. "मानूस असल्याबिगर उंची कशी कळंल बे?" गेली एक काच. चिडायचं नाही, संकल्प.
मग पेटीतल्या सगळ्या काचा वापरल्या. गोधडीखाली अंधारात भरताना बोटांना भुकटी लागत होती. धूळ, फुंकून टाकली. पण फोटो मनासारखे निघाले. हुजूर कमानीखाली, हुजूर मोटारीत. खोली आपलीच.

शु. ११
सगळ्या काळ्या.
औषधात घातली की काच काळीठिक्कर. दुसरी, तिसरी, सगळ्याच. नुसता उजेड खाल्लेल्या. रडू आलं, खरंच. पेटी उघडली कोणी? घरात एकेकाला फाडून खाईन.
फक्त एक आली. दादाची.

शु. १२
त्या काळ्या काचा दिव्यापुढं धरल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तीन आडव्या फिकट रेघा. भस्माच्या, तेवढ्याच जागी उजेड पोचला नव्हता. मधली आखूड.
दादाचं मधलं बोट लहानपणी गाडीच्या चाकात अर्धं गेलंय. रोज सकाळी त्याच्या कपाळावर असाच पट्टा असतो.
मी केजला असताना, सोवळं नेसून, भर उजेडात एकेक काच काढून पुजली असणार. माझं काम व्हावं म्हणून.
आता चिडू कोणावर?

पौर्णिमा
कारभारी आला. दादाचा फोटो पुढं केला, दुसरं होतंच काय. "हुजूर की ड्योढी में ये बनिया क्यूं खडा है?" फोटो ओट्यावर फेकून गेला. दरवाजा परवाच पाडला म्हणे.
म्हणजे तो दरवाजा जगात आता एवढ्याच कागदावर. नक्षी सपाटच आलीय, पण उंची मात्र कळते. दादामुळं. याचीही चीड येते.
दादानं फोटो उचलून धोतरानं पुसला. बराच वेळ बघत बसला.

वैशाख शु. २
तंबाखू सुरू केली.
उद्या तृतीया. मांजरसुंब्याचा एकजण कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आहे. दादानं स्वतःच तो फडक्यात बांधून ठेवला. मग माझ्याजवळ येऊन बसला.
म्हणाला, "तुज्या नशिबातच न्हाई रे हे. म्या माज्याकडनं कायबी कमी केलं न्हवतं."
खरं सांगितलं तर कॅमेरा राहील, नक्की राहील. दादा शब्द फिरवेल, गिऱ्हाइकाला हाकलून देईल. पण उद्यापासून पूजेला बसला की स्वतःच्या बोटांकडं बघत राहील. न सांगावं तर मी जन्मभर मांजरपाट फाडत बसणार, आणि रोज मनातून त्याला शिव्या देणार.
उठता उठता त्यानं विचारलंच. "काचा कशानं गेल्या, कळलं का काई?"
मी म्हणालो, उद्या सांगतो.