चहा कोणी केला

ता. ४, सोमवार

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. तू, तुझे मालक आणि पोरगी बरे असाल. मी बरी आहे. पत्राला कारण आहे म्हणून लिहितेय, नाहीतर सात महिने लिहिलं नाही ते आज कशाला लिहिलं असतं.

फोन करणार होते. पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी काहीतरी वाकडं बोलले असते. कागदावर निदान खोडता येतं. अक्षराला हसू नकोस. चौथीच्या पुढे मला कोणी पाठवलं नाही, हे तुला माहीत आहे.

कामाचं बोलते. माझा आजारपणाचा भत्ता नामंजूर झाला, त्यावर मी अपील केलंय. मी म्हणजे कागदवालीने. ही मदत केंद्रातली बाई. तिच्या टेबलावर एवढा ढीग असतो की ती खुर्चीत बसली की नुसता चष्मा दिसतो. बोलते गोड पण सोडत नाही. तिने मला तो नामंजुरीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. मी तो पहिली ओळ वाचून पिठाच्या डब्याखाली ठेवला होता.

तुला आठवतो ना तो तपासनीस, घरी आलेला? गोरटेला, बॅग मांडीवर घेऊन बसलेला, बूट काढू की नको म्हणून दारात घोटाळलेला. त्याने लिहिलंय ते ऐक. अर्जदार स्वच्छ आहे. केस विंचरलेले आहेत. घर नीटनेटकं आहे. नजरेला नजर देऊन बोलते, विनोद करते. आणि पुढे, आलेल्या माणसाला स्वतः चहा करून दिला, बशीसकट. बशीसकट हे लिहायचं त्याला काही अडलं होतं का? प्रत्येक गोष्टीपुढे शून्य गुण. स्वयंपाकाला शून्य, आंघोळीला शून्य, लोकांत वावरायला शून्य. कागदवाली म्हणाली की इथे शून्य म्हणजे अडचण नाही, सगळं जमतं. मी म्हटलं, शाळेत गेले तेवढ्या दिवसांत मला शून्य कधी मिळालं नाही, आणि आता मिळालं तर ते हुशार आहे म्हणून.

एकवीस तारखेला सुनावणी आहे. तिघं जण बसतात आणि ठरवतात. भत्ता मिळाला नाही तर मला पहिल्या तारखेपासून लॉन्ड्रीत हजर व्हायचंय, त्याच रोलरवर. लॉन्ड्रीच्या मालकाने तसं कळवलंय. नाही गेले तर नोकरी जाईल, आणि खोलीही, कारण खोली त्याचीच.

तर तू एकवीसला यायचं आणि सांगायचं की चहा तू केलास. घर तू झाडलंस, माझे केस तू विंचरलेस. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानातून सुट्टी मिळत नसेल तर लिहून पाठव. पत्ता खाली दिलाय.

निकाल आला तेव्हा फोनवर मी जे बोलले ते बोलले. तुझ्या साफसफाईने माझा भत्ता गेला असं म्हटलं. ते आता कुठे उगाळत बसायचं.

बाकी ठीक.
ताई


ता. १४, गुरुवार

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, पण पत्रपेटी खाली आहे आणि मी दोन जिने रोज उतरते, म्हणजे बघतच असणार. वर यायला अर्धा तास लागतो. मधल्या पायरीवर बसते. समोरच्या दारातली म्हातारी विचारते की गुडघे का. मी गुडघेच म्हणते. गुडघे म्हटलं की लोक तेल सुचवतात आणि आपल्या वाटेला जातात.

मागच्या पत्रात मी तुला हुकूम सोडला. वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. मलाही कागदवालीने असाच हुकूम सोडला. म्हणाली, तुमच्या अर्जात लिहिलंय ‘थकवा येतो, झोप येत नाही’. हे वाचून कोणीही म्हणेल की मलाही येतो. तुमचा सगळ्यात वाईट दिवस सांगा. मी म्हटलं, वाईट दिवस नसतात, कामचुकार दिवस असतात. ती हसली नाही. पेन खाली ठेवलं आणि बसून राहिली. मला असं कोणी बसून राहिलं की चीड येते. शेवटी तिने पेन उचलावं म्हणून मी बोलले, आणि मग थांबता येईना.

तुला मी चक्कर आली म्हणून सांगितलं होतं. चक्कर नव्हती.

रोलर तुला माहीत आहे. हॉस्पिटलच्या चादरी येतात, दोघींनी दोन कोपरे धरायचे, ताणायच्या, तापलेल्या रोलरच्या तोंडाशी नेऊन सोडायच्या. सोडायचं की ते आपलं आपण ओढून घेतं. बावीस वर्षं मी सोडतेय. त्या दिवशी चादर धरली आणि सोडताच येईना. हात माझेच होते, समोर दिसत होते. मनात म्हणतेय सोड, सोड बाई. आणि दुसरंही काहीतरी आत म्हणत होतं की नाही सोडलंस तर बरं, एकदाचं संपेल. समोरची जोडीदारीण ओरडली आणि तिने लाल बटण दाबलं. रोलर वीतभर अंतरावर थांबला. माझी बोटं तिने एकेक करून उलगडली. मी तिला म्हटलं, काय बघतेस, पुढची घे.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता कागदवालीला सांगितलं आणि तुला.

त्यानंतर मी पडले. तू आलीस तेव्हा मला पडून चौदा दिवस झाले होते. तू दार उघडलंस आणि पदर न खोचता आधी खिडकी उघडलीस. मला आंघोळ घातलीस. मोठ्या बहिणीला धाकटीने आंघोळ घालायची, ते मला सहन होत नव्हतं म्हणून मी सारखं पाणी गार आहे म्हणत होते. पाणी गार नव्हतं.

मग तो तपासनीस यायचा होता, आणि आपण दोघींनी काय केलं ते बघ. कोणी न सांगता केलं. तू भांडी घासलीस, मी अंथरुणाची घडी करायला लागले आणि अर्ध्यात बसले, ती तू पुरी केलीस. तू चहा टाकलास, आतल्या दाराआडून कप माझ्या हातात दिलास आणि मागे सरलीस. मी तो घेऊन बाहेर गेले. तो म्हणाला, वा, तुम्हीच केलात का? मी म्हटलं, मग काय तुम्ही केलात? तो हसला. विनोद करते, असं लिहिलंय त्याने.

हे आपल्याला कोणी शिकवलं ते तुलाही माहीत आहे, आणि मलाही. कोणी दारात आलं की तू स्टुलावर चढून चहा टाकायचीस, मी घर आवरून पुढे व्हायचे. सांगायचे, आईने केलाय, आई आत्ताच आंघोळीला गेली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी इतकं छान सांगायचे की मावशीला पण पटायचं. कोणाला कळलं नाही, म्हणून कोणी डॉक्टरही आणला नाही. हे मला या वयात कळतंय. तुला कधी कळलं?

आता ते सांगते ज्यासाठी हे पत्र चारदा फाडलं. तपासनीस गेल्यावर संध्याकाळी तू कप विसळता विसळता म्हणालीस, “ताई, तू आईसारखी पडलीयस.” तू हळू बोललीस. मी तुला जा म्हटलं. तुझी बॅग मी दाराबाहेर ठेवली. ती उचलायला मला कुठून बळ आलं कोण जाणे, दिवसभर उशी उचलत नव्हती. भत्ता गेला तो तुझ्या झाडूने नाही गेला. तुला शिवी घालायला मला एक कारण हवं होतं, निकालाने ते पुरवलं.

तू यायला पाहिजेस असं नाही. नाही आलीस तरी मी समजेन. चीड येईल, पण समजेन.

ताई


ता. २२, शुक्रवार

माझी धाकटी,

काल झालं सगळं. क्रमाने सांगते, मध्ये बोलू नकोस.

कागदवालीने मला सकाळी फोन करून सांगितलं की काल घातलेलेच कपडे घालून या. मी म्हटलं बाई, लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढली, चुरगळलेली जाऊ? ती म्हणाली, इस्त्री तुम्ही करू शकलात तर जरूर करून या. नाही करू शकले. टेबलाशी इस्त्री घेऊन उभी राहिले आणि परत ठेवली. तशीच गेले. रस्त्याने सगळे माझ्या बाहीकडे बघतायत असं वाटत होतं. कोणी बघत नव्हतं.

खोली लहान. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. मधे वकीलबाई, केस पिकलेले. एका बाजूला डॉक्टर, तो सारखा नाक पुसत होता. दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीतला एक माणूस, तोच सगळ्यात कमी बोलला. मी दाराकडे बघत होते. तू नव्हतीस.

डॉक्टरने औषधांचं विचारलं, झोपेचं विचारलं. मी पहिल्यासारखीच ताठ उत्तरं दिली. ठीक आहे, जमतं, चालतं. कागदवालीने टेबलाखाली माझ्या चपलेवर पाय ठेवला. मग वकीलबाईंनी तो अहवाल उघडला. मला वाटलं काहीतरी अवघड विचारतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या,

“हा चहा कोणी केला?”

धाकटे, मी मोठमोठ्या माणसांना तोंडावर बोलले आहे. मालकाला बोलले आहे. पण तिथे आधी पाण्याच्या जगाकडे हात केला. मीच, हे ओठावर तयार होतं, पन्नास वर्षांची सवय. कोणी पाणी दिलं ते प्यायले. मग म्हटलं,

“मी नाही. मला गॅस पेटवायला उठता येत नव्हतं. बहिणीने केला. मी खोटं बोलले. आम्ही लहानपणापासून बोलतो.”

एवढंच बोलले आणि रडले नाही, उगाच कोणी सांगेल तुला. त्यानंतर रोलरचं सांगितलं, ते आत काय म्हणत होतं तेही. डॉक्टरने नाक पुसायचं थांबवलं.

मग वकीलबाई म्हणाल्या की तुमच्या बहिणीचं पत्र कालच आमच्याकडे आलंय, पण आधी तुमच्याकडून ऐकायचं होतं. आणि त्यांनी ते वाचलं. मला तू एक ओळ लिहिली नाहीस आणि त्यांना पाठपोट दोन पानं. राग आला होता मला, खरं सांगते. तो पहिल्या चार ओळींत गेला. किती वाजता उठते, किती दिवस खिडकी बंद होती, डोक्याला पाणी लागलं की मी कशी डोळे मिटते, सगळं तू तारखेसकट लिहिलंस. मला वाटत होतं तू फक्त भांडी घासत होतीस. शेवटचं मी त्यांच्याकडून परत वाचून घेतलं म्हणून पाठ आहे. ‘लहानपणी आईसाठी आम्ही असंच करायचो. चहा मी करायचे आणि खोटं ताई बोलायची. ती फार चांगलं बोलते. तुमच्या माणसाला कळलं नाही, यात त्याची चूक नाही.’

चाकाच्या खुर्चीतला माणूस तेव्हा पहिल्यांदा हसला.

आम्हाला बाहेर बसवलं आणि वीस मिनिटांनी आत बोलावलं. भत्ता मंजूर आहे, दोन वर्षांसाठी. मग परत बघतील. कागदावर कारण लिहिलंय, तीव्र नैराश्याचा आजार. हा शब्द मी आतापर्यंत कुठे लिहिला नव्हता, ती भानगड म्हणायचे. आता इथे लिहिला. लिहिला तर काही झालं नाही, पेन तसंच चाललं. मालकाला कळवायचं काम कागदवाली करणार आहे. पहिलीला मी रोलरवर नसेन.

बरी झाले असं समजू नकोस. आज सकाळी दहापर्यंत उठले नाही. हे पत्र तीन बैठकांत लिहिलंय.

दुकानाला सुट्टी लागली की ये. पोरीला आण. खिडकी उघडी असेल, तेवढं मी करेन. बाकी घर आवरलेलं नसेल आणि तूही आवरायचं नाहीस. कोणी दारात आलं आणि आत बघितलं तर बघू दे. चहा तुलाच करावा लागेल, आणि कोणी विचारलं तर मी तुझं नाव सांगेन.

त्या दिवशीचा चहा चांगला झाला होता. तो कप मी तपासनिसापुढे ठेवला, पण उरलेला नंतर थंड असताना भांड्यातून प्यायले. तुला सांगितलं नव्हतं.

तो चहा जिने केला नव्हता,
ती तुझी ताई