टाचेवरचा बिब्बा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

परत आली. नडगीवर, आतल्या अंगाला, तीन गाठी. दोन मसुराएवढ्या, एक हरभऱ्याएवढी. सकाळी साबण लावताना बोटाला लागल्या. डास चावला असेल म्हणून खाजवून बघितलं. खाजत नाहीत. दुखतही नाहीत. दुखल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही तिसरी खेप. दोन वर्षांपूर्वी टाच. मागच्या साली जांघ. दोन्ही वेळा कापून काढलं. आता नडगी — म्हणजे वर जाऊन पुन्हा खाली उतरली! जमीन मोजणीदाराच्या अंगात शिरलीय, सगळं शिवार फिरून बघणार.

टाचेकडं आज बघितलं नाही. तिथंही काहीतरी आहे. महिनाभर मोज्याला डाग लागतोय. मोजे मीच धुतो.

१३ नोव्हेंबर

उमाला सांगितलं नाही. घरात दिवसभर पायजमा. "थंडी वाजती का वो?" म्हणाली. हो म्हणालो.

१५ नोव्हेंबर

कळलं तिला. मोज्यांवरून! नवरा स्वतःहून मोजे धुतो म्हणजे पाणी मुरतंय, हे बावीस वर्षांच्या संसारानंतर कुठल्याही बाईला कळेल. "पाय दावा," म्हणाली. दाखवला. तिनं गाठींवरून बोट फिरवलं, परत एकदा फिरवलं. सोलापूरच्या दवाखान्यात फोन लावून सोमवारची वेळ घेतली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. "आत्याला एवढ्यात बोलू नगा," एवढंच. आत्या म्हणजे माझी आई.

आईचं एकदा लिहूनच ठेवतो. टाचेला काळा ठिपका दिसला तेव्हा मी पहिल्यांदा तिलाच दाखवला होता. माझी सगळी नोकरी लोकांच्या बांधांवरून चालण्यात गेली, काटा मोडला असेल, कुरूप धरलं असेल. आई म्हणाली, "बिब्बा लावू. चार दिसांत बसतंय." बिब्ब्याला सुई टोचली, दिव्यावर धरली, गरम तेल ठिपक्यावर सोडलं. आमच्या घरात सगळ्यांच्या टाचा अशाच बऱ्या झाल्यात. आता बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. तो वाढला तर आई म्हणाली, बिब्बा उतलाय, तेलानं कातडी भाजलीय, खोबरेल लाव. कडा वाकड्यातिकड्या झाल्या — उतलाय. पाणी सुटलं — उतलाय. आठ महिने मी उतलेल्या बिब्ब्याला खोबरेल चोळत होतो. दुसऱ्याच्या शेतातला हद्दीचा दगड वीतभर सरकला तरी मला लांबून दिसतो. माझ्याच टाचेवरचं सरकत होतं ते दिसलं नाही.

सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं होतं, हा कातडीचा कॅन्सर आहे, बिब्ब्यानं हे होत नाही, बिब्ब्यानं फक्त झाकलं. आईनं मान हलवली. घरी येऊन बिब्ब्याचा डबा उकिरड्यावर टाकला. तेव्हापासून तिनं माझ्या पायाला हात लावलेला नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सोलापूर. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून गाठी बघितल्या, मग टाच. टाच बघताना जास्त वेळ लागला. सुईनं तुकडे काढले. आठ दिवसांनी या. येताना एसटीत खिडकीपाशी बसलो. तामलवाडी आली तेव्हा उमा म्हणाली, "भावजींकडं उतरायचं का?" नको म्हणालो. मल्लिनाथ भाऊ खरा, पण त्याच्या गळ्यात पडून रडावं असा नाही. तो लगेच कुणाला तरी फोन करतो.

२० नोव्हेंबर

मतदान. आजारामुळं या खेपेला ड्युटी नाही. रांगेत उभा होतो. लोहाऱ्यात निम्मे लोक मला ओळखतात, त्यांच्या जमिनी मोजल्यात. "साहेब, लंगडताय का?" "काटा मोडला." सात जणांना काटा मोडला म्हणून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, बिब्बा लावा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तेच आहे. टाचेतही, नडगीतही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, पाय काढायचा, गुडघ्याच्या वर. दुसरा, सलाईनमधून औषध, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर. ते औषध आपल्याच रक्तातल्या पेशींना जागं करतं, मग त्या गाठींवर धावून जातात. तुमच्या प्रकारात चार-पाच जणांत एखाद्याला लागू पडतं. कधी भलतीकडंच धावतात, आतड्यावर, फुप्फुसावर.

मी विचारलं, "पाय काढला की संपलं का?"

"तशी खात्री देता येत नाही."

"औषधानं संपेल का?"

"तीही देता येत नाही."

"तुमच्या घरचं माणूस असतं तर काय केलं असतं?"

त्या म्हणाल्या, "मी आधी औषध दिलं असतं. पण माझं सोडा, रोज उठून तो पाय घेऊन तुम्हाला जगायचंय." बाई चांगली आहे. खोटं बोलत नाही, हाच तिचा दोष.

मोजणीला गेलं की दोन्हीकडचे लोक भांडतात, शिव्या देतात, एखादा कुऱ्हाड घेऊन येतो. पण दिवस मावळायच्या आत रेघ पडते. कुणाला पटत नाही, तरी पडते. इथं रेघच नाही!

२७ नोव्हेंबर

पाय. पाय. पाय. दुसरं काही सुचत नाही.

१ डिसेंबर, रविवार

मल्लिनाथ आला. उमानं सांगितलं असणार. बरोबर झाडपाल्याची पिशवी. कर्नाटकात कुणीतरी आहे, फक्त अमावास्येला औषध देतो, अंगातली गाठ लोण्यासारखी विरघळते. मी म्हणालो, "तुझ्या मूळव्याधीला का नाही आणलंस?" तो रागावला. मग रडायला लागला. त्याला समजवायला मलाच उठावं लागलं, लंगडत.

आई दारातून बघत होती. तिला "पुन्हा जरा दुखतंय" एवढंच सांगितलंय. तिनं ओळखलंय असं वाटतं. विचारत नाही. जेवणही कमी झालंय तिचं, अर्धी भाकरी, तीही ताकात कुस्करून.

४ डिसेंबर

ऑफिसात बसून नकाशांच्या प्रती तपासतो. शेतावर पाठवत नाहीत. शेजारच्या टेबलावरचा बसवराज फाइल स्वतः उठून आणून देतो. चांगुलपणाच आहे त्याचा, पण माझा संताप होतो. आज म्हणालो, "पाय अजून आहे बसवराज, राहू द्या." बिचारा तोंड पाडून बसला. माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

सगळे आधी पायाकडं बघतात, मग तोंडाकडं.

८ डिसेंबर, रविवार

करिश्मा लातूरहून आली. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरात आता अर्धी डॉक्टर. वहीत सगळं लिहून आणलेलं. "पप्पा, औषध बंद करता येतं. पाय परत जोडता येत नाही." मुद्दा बिनतोड आहे. मी म्हणालो, आणि औषध चालू असताना गाठी वर सरकल्या तर? तेव्हा पाय काढायचीही वेळ गेलेली असेल. तिनं वही मिटली.

पोरीला हरवून मला काय मिळालं? वाद घालायची खोड. तीही बापाचीच पोर, जाताना म्हणाली, "तुम्हाला निर्णय नकोय, भांडण हवंय."

१४ डिसेंबर

हरभऱ्याएवढी होती ती बोराच्या बीएवढी झाली. चौथी निघालीय, गुडघ्याच्या खाली चार बोटांवर.

१५ डिसेंबर

भीती वाटते. लिहून तरी टाकतो. पाय काढायची वाटते, न काढायची वाटते, सलाईनची वाटते. घरात कुणापुढं बोलता येत नाही. उमापुढं बोललो तर ती हात धरेल आणि मग ती कुणापुढं बोलेल? आईपुढं तर प्रश्नच नाही. पाय गेला की ती म्हणणार, माझ्या बिब्ब्यानं गेला. न काढता मी गेलो तरी तेच म्हणणार. कुठूनही गेलं तरी वाट त्या म्हातारीच्या उरावरूनच जाते.

१९ डिसेंबर

काही ठरलं नाही.

२३ डिसेंबर

काही ठरलं नाही. डॉक्टरबाईंकडून फोन होता, जास्त दिवस लावू नका.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या

तामलवाडीला शेतात गेलो, सगळे. मल्लिनाथनं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं बांधलं होतं. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पांडव, समोर घुगऱ्या, बाजरीचे वाफवलेले उंडे, भज्जीचा म्हणजे मिसळभाजीचा डेरा. मी बाजेवर. बाकीचे अनवाणी पळत ज्वारीत अंबील शिंपडत होते. दरसाली ते काम माझं. यंदा मल्लिनाथनं केलं आणि निम्मी अंबील स्वतःच्याच धोतरावर सांडली. हसलो. बऱ्याच दिवसांनी खरं हसलो.

जेवणं झाल्यावर पाय लांब करून बसलो होतो. मोजा ओला झाला होता. हात आपोआप नडगीकडं गेला आणि बोटं मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. आणि ठरलं! मला हे रोज मोजायचं नाही. वर्षभर सलाईन लावून रोज सकाळी साबणाच्या हातानं चाचपत बसणं माझ्याच्यानं होणार नाही. जाऊ दे पाय. करिश्माचा मुद्दा बरोबर आहे, डॉक्टरबाईंचाही. पण मला रात्रंदिवस पहारा देता येत नाही.

आईला तिथंच सांगितलं. बाजेजवळ खाली बसली होती, उंडा चावत. थांबली.

"गुडघ्याच्या वरनं?"

"हो."

"माझा काढा म्हनावं. मला आता कुटं जायाचं हाय."

"तसं नसतं आई."

"म्याच लावला बिब्बा."

"बिब्ब्यानं होत नाही, बाईंनी सांगितलं होतं ना?"

"माज्या समाधानासाटी सांगितलं असंल." उंडा पदरात बांधला आणि उठून ज्वारीत गेली. बराच वेळ दिसली नाही. मी बाजेवरून हाका मारत राहिलो. हाका मारायच्या, जाता येत नाही. शेवटी उमा जाऊन घेऊन आली.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सोलापूर. पाय काढायच्या आधी सगळ्या अंगाचं स्कॅन पुन्हा करावं लागतं. मागचं ऑगस्टमधलं, स्वच्छ होतं. हाताला सुई देऊन तासभर एका खोलीत एकट्याला बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल नाही. दार बाहेरून बंद. उजव्या पायाच्या बोटांशी खेळत बसलो. करंगळी शेजारच्या बोटावर चढते, लहानपणापासून. हे आठवडाभराचे सोबती.

६ जानेवारी, सोमवार

पाय काढायचा नाही.

उमा चहा घेऊन येते म्हणून बाहेर गेली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबायचं का त्यांच्यासाठी? मी म्हणालो, सांगा. यकृतावर दोन ठिकाणी. फुप्फुसात एक. "आता पाय काढून उपयोग नाही. पुढच्या सोमवारपासून औषध सुरू करू." मी विचारलं, चार-पाचांत एक हा हिशोब तोच राहिला का? त्या म्हणाल्या, थोडा कमी. किती कमी ते विचारलं नाही.

उमा आली, हातात दोन कप. मी म्हणालो, "पाय काढायची गरज नाही म्हणतात. औषधावर भागेल." अर्धं वाक्य खरं. तिनं कप खाली ठेवला, डोळ्याला पदर लावला. रिपोर्ट घडी करून आतल्या खिशात घातला.

७ जानेवारी

उमानं गल्लीत पेढे वाटले! शेजारीपाजारी, ऑफिसात बसवराजला, सगळ्यांना. पाय वाचला म्हणून. लोक येऊन हात मिळवून गेले. बसवराज मिठी मारून गेला, आणि मी आता त्याचीसुद्धा माफी मागू शकत नाही, कारण तोंड उघडलं तर बाकीचं बाहेर येईल.

आई माझ्या पायाशी येऊन बसली. दोन वर्षांनी. टाचेच्या पट्टीवर हात ठेवला, हलकेच. "देवीनं राखला," म्हणाली. संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मी पेढा खाल्ला. सगळ्यांच्या पुढं खावा लागला.

८ जानेवारी

उद्या उमाला सांगायचं. उद्या नक्की.

९ जानेवारी, गुरुवार

आई देवळात गेल्यावर उमाला बोलावलं. समोर बसली. मी खिशातला कागद काढायला लागलो तर तिनं माझा हात धरला. "राहू द्या. रिपोर्ट शनिवारीच करिश्माच्या मोबाईलवर आला व्हता, दवाखान्यात नंबर तिचाच दिलाय. तिनं वाचून सांगितलं. पेढे आत्यासाठी व्हते." मग उठून कडी घातली. "त्या यायला तासभर हाय. आता रडा."