निफाडच्या तळघरातल्या आडव्या बाटल्या

निफाड, १२ जानेवारी २००७

अंकुरची माय पार्वता, तुले अन् लेकराले जीवापासून आशीर्वाद.

द्राक्षाच्या बागेचं शिक्षण बरं चाललं. जेवण गोडमिट्ट असते, तुह्या हातचा ठेचा आठवते.

काल आमाले द्राक्षाच्या दारूचा जुना कारखाना दाखवाले नेलं होतं. संगं शिकाले आलेला आपला दिगांबर पुढल्या आठवड्यात गावी येईन अन् तिखटमीठ लावून सांगन, म्हणून मीच आधी लिहून राहिलो. सारं वाच, मंग रागव.

मालकाच्या आज्यानं बांधलेली दगडी इमारत हाये. आत गेलो अन् तो वास आला. दारू सोडून दोन वर्षं झाली, तरी प्याची ओढ लागली. तुले खोटं काहून सांगू?

मंग तळघरात उतरलो. पाहातो तं हजारो बाटल्या, साऱ्या आडव्या! गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद कराले तू दारोदार फिरून बायायले सांगत होती, "आडव्या बाटलीवरच शिक्का मारजा." तेच आठवलं. मी मालकाले विचारलं, "इथंबी बायायनं मतदान केलं काय जी?"

सारे हासले. तो म्हणाला, "बूच ओलं राहावं म्हणून बाटल्या आडव्या ठेवतो, काका." मीबी हासलो. हासता हासता ती ओढ गेली.

वर चव घ्यासाठी टेबल मांडलं होतं. वाढणारा जवळ आला, तसा मी माह्या समोरचा रिकामा गिलास हळूच आडवा केला.

अंकुरचा खोकला कमी झाला काय? गायीले सरकीची ढेप चारजो. मी आलो का तोंड हुंगून पाह्य, मले राग नाई.

तुमच्या बायायच्या मतदानात माणसायले मत नव्हतं. माह्यं मी काल टाकलं.

अंकुरचा बाप,
खुशाल