रानात नेमकं कोण चाललंय?

तीर्थरूप दादांना धाकट्याचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून लिहितो. (नसेल तर तसं कळवा, मी उगाच काही धरून चालत नाही, हे तुम्ही जाणताच.) वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत, आणि मला संशय त्याचाच येतो आहे.

झालं असं, की मागच्या रविवारी आम्ही तिघं एक सिनेमा पाहून आलो. त्यात एक मुलगी बँकेतली चांगली नोकरी सोडते, दाराला कुलूपही न लावता रानात निघून जाते, ओढ्याकाठी झोपडी बांधते आणि परत म्हणून येत नाही. शेवटी नुसता धूर दिसतो. हिचे दोन रुमाल भिजले. आमची कन्या मात्र कोरडी ठणठणीत. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "झोपडी चुकीच्या बाजूला बांधली तिने. पाणी आत येणार." दादा, स्वतः बँकेत बसणाऱ्या पोरीला झोपडीची बाजू कळायचं कारण काय? एकुलती एक लेक. पोरगी रानात निघणार, हे मी तिथेच ताडलं.

तेव्हापासून मी तिच्यावर पाळत ठेवली. (डायरीत आधी 'काळजी' लिहिलं होतं, मनाला पटेना, म्हणून खोडलं.) ती पाठीवर किती ओझं नेऊ शकेल याचा अंदाज यावा म्हणून मी सकाळी पिशवीत विटा भरून फिरायला जाऊ लागलो. ती गुपचूप निघालीच तर फाटक दिसावं म्हणून अंथरूण बाल्कनीत नेलं. रानात पोट कशावर भरतात हे कळावं म्हणून दोन दिवस कच्च्या भाज्या खाल्ल्या. (तिसऱ्या दिवशी रजा घ्यावी लागली. रजेच्या अर्जात कारण खरं लिहावं की नाही यात दुपार गेली.) घरात कुणी काही विचारलं नाही. दोघी मी आलो की बोलणं थांबवायच्या. माझे चांगले बूटही कुठे दिसेनात. म्हणजे तिची आईही सामील! संशय बळावला.

शनिवारी कन्या बँकेतून सुटून सरळ भटकंतीचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरली. मी मागोमाग. ती वळली तशी मी समोर मांडलेल्या तंबूत घुसलो. दुकानदार शिस्तीचा निघाला. त्याने बाहेरून चेन ओढून घेतली. आत बसून ऐकतो तर कन्या त्याला सांगते आहे, "चष्मेवाले एक गृहस्थ येतील. प्रत्येक वस्तूमागचं बारीक अक्षर वाचतील. त्यांना काही विकू नका हं, प्लीज. घर सोडून जायच्या बेतात आहेत."

दुकानदार म्हणाला, "ते आत बसलेत."

चेन उघडली. कन्येने वाकून आत पाहिलं. "बाबा, तू राहायलासुद्धा लागलास?"

तर दादा, संशयित मी होतो. विटा, बाल्कनी, कच्ची कोबी, सगळा पुरावा माझाच. बूट हिने धान्याच्या पिंपात लपवले होते. आणि झोपडीची बाजू? पोरीच्या म्हणण्याप्रमाणे उतार सगळ्या थिएटरला दिसत होता, मला सोडून. घरी हिने स्पष्टच विचारलं, "जाणार आहात का?" मी नाही म्हणालो. पण प्रामाणिकपणे नोंदवायचं तर, नाही म्हणण्याआधी मी थोडा थांबलो. का थांबलो, यावर विचार चालू आहे.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा,
धाकटा

ता. क. : तुमच्या बागेच्या टोकाला अवजारांची खोली आहे, ती सध्या रिकामी असते का? आठ दिवसांसाठी हवी होती, एका माणसाला. माणूस शांत आहे, स्वतःचे कपडे धुतो. आमच्या घरी मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : पत्र हिने वाचलं. (टेबलावर उघडं मीच ठेवलं होतं, मुद्दाम की चुकून, ते ठरत नाही.) वाटलं, रडारड होईल. ही म्हणाली, "जा की. आठ कशाला, चांगले पंधरा दिवस राहा." कन्येने लगेच गाडीची वेळ काढून दिली. दोघींनी मिळून बॅगही भरली आणि आता स्वयंपाकघरात हसताहेत. दादा, खोलीचं रद्द समजा. यांचं काय शिजतंय त्याचा छडा लागेपर्यंत मी घर सोडून कुठेही जात नाही.